एल्मार कुबियाकचा गोलकीपर

आमच्या होल्टरब्रुख वस्तीत कुणी नुसतं "क्लब हरला" म्हणालं, तर कुठला क्लब हे विचारायचं नसतं. इथला आमचा गल्लीतला फुटबॉल क्लब दर रविवारी हरतो, त्याचं कुणाला सोयरसुतक नाही. हरला म्हणजे तो मोठा हरला, ट्राममध्ये बसून जिथं जावं लागतं तो. मी रोझविटा. गल्लीतल्या क्लबाची कँटीन चालवते. बिअर मी ओतते, वाटाण्याचं सूप मी करते आणि भांडणंही मीच मोडते. त्यामुळे गेल्या शरदात मोठा क्लब घसरायला लागला तेव्हा लोकांच्या तोंडून काय काय बाहेर पडलं, ते माझ्याइतकं कुणी ऐकलेलं नाही. आणि त्यातलं निम्मं एकट्या एल्मार कुबियाकला उद्देशून होतं.

एल्मार धुराडी साफ करतो. काळा कोट, सोनेरी बटणं, खांद्यावर ब्रशचं वेटोळं. आमच्याकडे असा माणूस रस्त्यात भेटणं म्हणजे शकुन. त्याच्या कोटाचं बटण चिमटीत धरून जरा फिरवलं की दिवस चांगला जातो. परीक्षेला निघालेली पोरं, लग्नाला निघालेल्या नवऱ्या, लॉटरीवाले म्हातारे, सगळे त्याला अडवतात. बिचारा थांबतो, पोट पुढे काढतो, बटण फिरवू देतो. बटणं सैल होतात, मग मीच ती शिवून देते, कारण या ब्रह्मचाऱ्याच्या घरात सुई सापडायची नाही.

संध्याकाळी मात्र तो आमच्या पोरांच्या गोलकीपरांना शिकवतो. तीस वर्षं तो आमचा गोलकीपर होता, अजूनही चाळिशीपुढच्यांच्या टीममध्ये गोलमध्ये उभा असतो. आणि त्यानं शिकवलेल्यांपैकी एक, आमच्या मारिटाचा मुलगा थिलो, थिलो सोबोत्का, आज मोठ्या क्लबाचा गोलकीपर आहे. आता कळलं ना, शिव्या का खाव्या लागल्या?

थिलो गोलमध्ये उभा राहतच नाही. म्हणजे राहतो, पण पेनल्टी बॉक्सच्याही बाहेर, मैदानाच्या मध्याकडे तोंड करून. हल्लीची मोठी टीम अशीच खेळते. बचाववाले पार मधल्या रेषेपर्यंत पुढे सरकतात, समोरच्यांना श्वास घेऊ देत नाहीत, आणि त्यांच्या पाठीमागे जे मोकळं रान उरतं त्याची राखण गोलकीपरनं करायची. लांबून बॉल आला की समोरच्या गड्याच्या आधी धावून तो काढायचा, आणि नुसता भिरकावायचा नाही, नीट आपल्या माणसाला द्यायचा. मला हे चटकन कळलं. मी जर काउंटरमागेच उभी राहिले तर कोपऱ्यातल्या टेबलावरचं भांडण पार ग्लासं फुटेपर्यंत मला कळणार नाही. मधे फिरत राहिलं की डोळे वटारूनच काम भागतं. आता मी मधे असताना एखादा काउंटरवरून फुकट पेग ओतून घेतो, नाही असं नाही. तसाच कधीतरी एखादा हुशार गडी लांबूनच बॉल उचलून थिलोच्या डोक्यावरून रिकाम्या गोलमध्ये टाकतो. तेवढी किंमत मोजायचीच असते. ते सगळ्यांना मान्य होतं, वसंतात क्लब चॅम्पियन झाला तोवर.

शरदात पहिला असा गोल बसला मधल्या वर्तुळातून. पुढच्या मॅचला तळाच्या टीमनं हरवलं. मग कप स्पर्धेत तिसऱ्या दर्जाच्या कुठल्याशा गावानं घरी पाठवलं, त्यातही एक गोल तसाच, डोक्यावरून. पेपरवाल्यांनी थिलोला 'भटक्या' म्हणायला सुरुवात केली. चॅम्पियन टीम पाहता पाहता गुणतक्त्यात अशी खाली आली, की माझ्या कँटीनमध्ये तो तक्ता भिंतीवर लावायचा की नाही यावरून वाद झाला.

"गोलमध्ये उभा राहतो म्हणून त्याला गोलकीपर म्हणतात!" हार्टविग टेबलावर मूठ आपटून म्हणायचा. हा हार्टविग खाणीतून निवृत्त झालेला, आयुष्यात कधी गोलमध्ये उभा राहिलेला नाही, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत. "फिरायला जायचं असेल तर कुत्रा पाळ म्हणावं त्याला! आणि हे खूळ त्याच्या डोक्यात घातलं कुणी? आपल्या एल्मारनं!"

"अरे, चॅम्पियन झालात तेव्हा याच एल्मारला खांद्यावर घेऊन नाचलात ना?" मी म्हटलं.

"तेव्हा त्याची बटणं चालू होती. आता गॅरंटी संपली."

सगळे हसले. पण हसण्यावारी गेलं नाही ते. लोक खरंच एल्मारला टाळायला लागले. काळा कोट दिसला की समोरच्या फुटपाथवर. स्टेशनजवळच्या एका बाईनं तर आमच्या घराचं धुराडं तपासायला यंदा दुसऱ्या कुणाला पाठवा, असा निरोप धाडला. शकुनाचा माणूस अपशकुनी ठरला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या बाईला बाजारात गाठून चांगलं सुनावलं. एल्मार मात्र म्हणाला, "जाऊ दे गं रोझी. तिचं धुराडं तसंही खूप अरुंद आहे."

त्याला लोकांच्या बोलण्याचं नव्हतंच काही. त्याला खात होतं वेगळंच. क्लब एका शुक्रवारी परत हरला, तेव्हा माझ्या टीव्हीसमोर सगळे थिलोला शिव्या देत होते, आणि हा टीव्हीला नाक लावून बसला होता.

"काय बघतोस?"

"तो दिसत नाही गं. कॅमेरा बॉलच्या मागे फिरतो. थिलो कुठे उभा आहे ते कुणी दाखवतच नाही." मग म्हणाला, "मला वाटतं तो मागे सरकतोय. आधी चार पावलं, मग आणखी. तो सरकला की बचाववालेही सरकतात, आणि मग मधे केवढं मोठं खिंडार पडतं. धड इकडे ना धड तिकडे. हरतोय ते त्यामुळे."

आता यात एल्मारची काही मोठी अक्कल नव्हती, हे सांगून टाकते. मोठ्या क्लबाचा प्रशिक्षकही पत्रकारांना तेच सांगत होता, आणि थिलोलाही रोज तेच सांगत होता. सगळ्यांना माहीत होतं. पण माहीत असून पाय पुढे पडायला हवेत ना!

आणि इथे एल्मारची गोष्ट सांगायला हवी. ती इथल्या सगळ्या जुन्या माणसांना ठाऊक आहे, फक्त त्याच्यासमोर कुणी काढत नाही.

एल्मार बावीसचा होता तेव्हा तोही बाहेर उभा राहायचा. कुणी शिकवलं नव्हतं, अंगातच होतं. तेव्हा आमचं मैदान लाल राखेचं होतं, पडलं की गुडघ्याची सालपटं निघायची, आणि हा पठ्ठ्या पेनल्टी बॉक्सच्या बाहेर येऊन समोरच्याच्या पायातून बॉल काढायचा. लोक वेडा म्हणायचे, पण बघायला यायचे. मग वरच्या लीगमध्ये जायची मॅच आली. सगळं होल्टरब्रुख कठड्याला रेलून उभं होतं. समोरच्या एकानं लांबून बॉल उचलला, टणक राखेवर तो उडाला आणि एल्मारच्या डोक्यावरून गोलमध्ये गेला. लोक हसले. फार नाही, जरासे. पण एल्मार मागे गेला तो गोलच्या लाइनवर जाऊन उभा राहिला आणि मग उरलेली सगळी मॅच तिथून हलला नाही. दुसरा गोल अगदी साध्या बॉलवर झाला. पुढे आला असता तर त्यानं तो खिशात घातला असता. कुणी त्याला बोललं नाही, उलट पाठ थोपटली. त्यानंतर तीस वर्षं त्यानं लाइन सोडली नाही. पाचमजली घराच्या छतावर कडेकडेनं चालणारा हा माणूस, पण गोलमधून बाहेर यायला भ्यायला तो भ्यायलाच. म्हणून पोरांना मात्र जीव तोडून शिकवायचा, "पुढे उभे राहा. गोल बसला तरी पुढेच राहा." थिलोनं ते ऐकलं होतं. आणि आता थिलोही मागे सरकत होता. एल्मारला झोप लागत नव्हती ती यामुळे.

शुक्रवारच्या मॅचनंतरच्या रविवारी सकाळी मागच्या दारानं थिलो आला. डोक्यावर टोपी ओढलेली, दाढी वाढलेली. मी सूप पुढ्यात ठेवलं. "खा आधी. आईनं पाठवलं की पेपरवाल्यांनी?"

"रोझी, तुझ्या सुपाची शपथ, आज टोमणे नकोत."

एल्मार हातमोजे घेऊन आत आला, कारण अकराला चाळिशीपुढच्यांची मॅच होती. थिलोला बघून दारातच थांबला. मग समोर खुर्ची ओढून बसला.

"सांग."

"सांगायचं काय? येत्या शनिवारी मी लाइनवर उभा राहणार. ठरवलंय. हसू होणार नाही तरी."

"प्रशिक्षक काय म्हणतो?"

"तो म्हणतो पुढे राहा, मी तुझ्या पाठीशी आहे. पाठीशी! माझ्या पाठीशी रिकामा गोल असतो, एल्मार. बॉल वरून गेला की सगळं स्टेडियम हसतं, तो आवाज तुला माहीत नाही."

"माहीत आहे."

"आणि मग तू काय केलंस?" थिलोनं चमचा आपटला. "तू मागेच गेलास ना? तीस वर्षं लाइनवर काढलीस आणि मला सांगतोस पुढे राहा! लोकांना सांगे ब्रह्मज्ञान!"

मला वाटलं, आता उठून याच्या एक कानाखाली द्यावी. केवढा झाला तरी माझ्या कँटीनमध्ये वाढलेलं पोर! पण बोलला ते खरं होतं, तिथं काय करणार? एल्मारनं हातमोजे उचलले, तोंडात मारल्यासारखा उठला आणि बाहेर गेला.

अकराला मॅच सुरू झाली. समोर शेजारच्या वस्तीतली ढेरपोट्यांची टीम, आमचेही तसेच. मी कठड्याजवळ ब्राटवुर्स्टची सॉसेजं भाजत होते. शिट्टी झाली आणि हार्टविग ओरडला, "अरे, गोलकीपर कुठाय?"

बघते तर काय, एल्मार गोलमध्ये नव्हताच. पेनल्टी बॉक्स ओलांडून, पार मधल्या वर्तुळाच्या अलीकडे उभा होता. तीस वर्षांत पहिल्यांदा! काळी हाफपँट, पांढरे पाय, आणि चेहरा असा की जणू आज त्याच्यावर खटला चालू होता.

"एल्मार, वाट चुकलास काय?" कुणीतरी म्हटलं.

"ट्राम तिकडून सुटते!"

समोरच्या टीममधला एक नळदुरुस्तीवाला, पोट पुढे आणि श्वास मागे, त्यानं बॉल पायाखाली घेतला, मान वर केली आणि लांबूनच उचलून मारला. बॉल एल्मारच्या डोक्यावरून निवांत गेला आणि रिकाम्या जाळ्यात शिरला. अख्खा कठडा हसत सुटला. हार्टविगची बिअर नाकातून आली. एल्मार वळला, धावत गेला, जाळ्यातून बॉल काढला, मध्यावर दिला. आणि पुन्हा तिथेच येऊन उभा राहिला. त्याच जागी.

माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला. एक बाजू करपली, करपू दे म्हटलं.

थोड्या वेळानं त्याच नळवाल्यानं तसाच दुसरा गोल मारला. आता तर विरोधी टीमनं एल्मारला मिठी मारून आभार मानले. एल्मार पुन्हा मागे गेला, पुन्हा बॉल काढला, पुन्हा पुढे आला. लोकांचं हसणं हळूहळू कमी झालं. एकच विनोद किती वेळ हसणार? तिसऱ्या वेळेला बॉल लांबून आला तेव्हा हा आधीच पळत सुटला होता. पन्नाशी उलटलेला माणूस, पण समोरच्याच्या आधी पोचला, डोक्यानं बॉल काढला आणि स्वतः तोंडावर आपटला. उठला तो हसतच उठला. मी "वा रे वाघा!" म्हणून ओरडले, मला राहवलंच नाही.

मॅच आम्ही हरलो, दोन गोलांनी. एवढ्या लांबून गोल खाल्ला की आमच्याकडे बिअरचा क्रेट द्यायची रीत आहे. एल्मारनं न मागता दोन क्रेट आणून टेबलावर ठेवले.

"एल्मार, ताप आलाय का तुला?" हार्टविगनं विचारलं.

"उतरला," एल्मार म्हणाला.

कठड्याच्या टोकाला टोपी ओढून थिलो उभा होता. शेवटपर्यंत होता. मग माझ्याकडून करपलेलं ब्राटवुर्स्ट घेतलं, उभ्या उभ्या खाल्लं आणि गेला.

शनिवारसाठी मारिटानं दोन तिकिटं पाठवली. एल्मार म्हणे, "मी येत नाही. टीव्हीवर बघतो."

"टीव्हीवर थिलो दिसत नाही म्हणून तूच रडत होतास ना? ऊठ! कँटीन बंद ठेवून मी येतेय, आणि तू नखरे करतोस?"

स्टेडियममध्ये आमची जागा एका गोलच्या मागे, जरा वर होती; पहिल्या भागात थिलो पलीकडच्या टोकाला होता. चारी बाजूंनी लोक आधीच चिडलेले. मॅच सुरू झाली आणि मी पहिल्यांदा बॉलकडे न बघता थिलोकडे बघितलं. तो लाइनवर नव्हता. पण फार पुढेही नव्हता. बॉक्सच्या कडेला उभा होता, एक पाय पुढे, एक मागे. एल्मार गुडघे घट्ट धरून बसला होता.

पहिल्या भागात आपला गोल झाला. लोक जरा मऊ झाले, शेजारच्या गृहस्थानं मला शेंगदाणे दिले. थिलो हळूहळू पुढे सरकला. दोनदा धावत जाऊन बॉल काढला, दोनदा टाळ्या पडल्या. मला वाटलं, चला, सुटलो.

दुसऱ्या भागात बाजू बदलल्या आणि थिलो आमच्या पुढ्यातल्या गोलकडे आला. तो भाग अर्धा झाला असेल. समोरच्या टीमच्या एका उंच पोरानं मधल्या रेषेजवळ बॉल मिळवला, एकदाच मान वर केली. मी बसल्या जागी "नको रे" म्हणाले. बॉल वर गेला, वर, वर. थिलो उलट्या पावलांनी पळाला, मग वळून पळाला, उडी मारली. बॉल त्याच्या बोटांवरून आत गेला.

आणि तो आवाज! थिलो म्हणाला होता तो. हसणं आणि शिट्ट्या एकत्र. आपल्याच लोकांचं. शेंगदाणेवाला गृहस्थ उभा राहून ओरडत होता, "लाइनवर जा, भटक्या! लाइनवर!" मग सगळेच तेच ओरडायला लागले.

एल्मारनं दोन्ही हातांनी डोळे झाकले.

"रोझी," तो म्हणाला. "मला बघवत नाही. तू सांग. कुठे आहे तो?"

"जाळ्यातून बॉल काढतोय."

"आता?"

"बॉल दिला. गोलजवळ आहे."

"लाइनवर?"

थिलो लाइनवरच उभा होता, बरोब्बर मधोमध. स्टेडियम टाळ्या वाजवत होतं, शहाणा झाला म्हणून.

"रोझी, लाइनवर आहे का?"

"पाणी पितोय," मी म्हटलं. खोटं नव्हतं, खांबाजवळ बाटली असते ती त्यानं उचलली होती. मग बाटली खाली ठेवली. मध्यावर पुन्हा मॅच सुरू झाली. थिलोनं एकदा वर लोकांकडे बघितलं.

"आता?"

"चालायला लागलाय."

"कुठे?"

"पुढे. पेनल्टीच्या खुणेपर्यंत आला. लोक शिट्ट्या मारतायत, ऐकतोयस ना, त्या त्यालाच आहेत. थांबला नाही अजून. बॉक्सच्या रेषेवर आला... एल्मार, ओलांडली त्यानं! बाहेर आला! अजून चालतोय मेला, मगाशी होता त्याच्याही पुढे चाललाय! हात हलवून बचाववाल्यांना पुढे ढकलतोय. डोळे उघड रे बाबा, उघड डोळे!"

एल्मारनं हात काढले. डोळे लाल झाले होते. शिट्ट्या वाजत होत्या, शेंगदाणेवाला माझ्या कानाशी थिलोच्या सात पिढ्या उद्धरत होता, आणि थिलो त्या सगळ्यांकडे पाठ करून, रिकामा गोल पाठीशी घेऊन उभा होता.

"एवढा पुढे," एल्मार म्हणाला, "मी कधीच नव्हतो."

मॅच आपण जिंकलो. अगदी शेवटी, कॉर्नरवर. घसरण तिथं थांबली असं आता सगळे म्हणतात, हार्टविग तर म्हणतो त्याला आधीच माहीत होतं. पण तो गोल कुणी मारला, डोक्यानं की पायानं, हे एल्मारला विचाराल तर त्याला आजही सांगता येणार नाही. सगळं स्टेडियम त्या टोकाला बघत उड्या मारत होतं, शेंगदाणेवाल्यानं मला कवटाळलं होतं, आणि हा माणूस अलीकडच्या रिकाम्या अर्ध्या मैदानात एकट्या उभ्या असलेल्या थिलोकडे बघत ढसाढसा रडत होता.